आठ पिवळ्या रेघा

सुदामच्या दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर माईक लावला होता. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. त्या दिवशी पाच जण बोलले आणि पाचही जण म्हणाले, ‘वेळ आली होती.’ कावळा लगेच शिवला, तर मागून कुणीतरी म्हणालं, मनात काही राहिलं नव्हतं त्याच्या. ज्याच्या पिकअपमधून तो पडला तो गाडीमालकही बोलला, रुमालाने डोळे टिपत. कठडा हा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी नुसते हात जोडले आणि खाली बसलो. त्याला महिना होऊन गेला, तरी डोक्यातली आग शमत नाही. वेळबिळ काही आली नव्हती हो... पत्र्यात मारलेले स्क्रू उपटून आले होते.

सुदाम चऱ्होलीचा. चाकणच्या एका कंपनीत आम्ही एकाच शेडमध्ये तीस वर्षं काढली. तो वेल्डिंगला, मी तपासणीला. त्याचं काम मी परत पाठवायचो, तो मला शिव्या घालायचा, आणि त्यातूनच दोस्ती झाली. माझ्याकडे वडिलांची जुनी पिकअप आहे, ते मॉडेल आता निघत नाही. निवृत्तीनंतर ती रंगवून घेतली आणि मला हौस आली, हौद्याला चकचकीत स्टीलचे कठडे हवेत. मोबाइलवरून मागवले. आले ते नव्या गाडीच्या मापाचे: चार बोटं लांब, बूड सपाट, आणि आमच्या हौद्याची कड गोल. चौकातला दुकानदार म्हणाला, दहा मिनिटांचं काम, स्क्रू मारून देतो. सुदामला हे सांगितलं तर तो माझ्यावरच भडकला. ‘आरं, पत्रा म्हंजी कातडं. कठडा हाडाला धराया लागतो. कठडा दिसला की मानूस टेकनारच!’

मग चार रविवार त्याच्या घरामागच्या शेडमध्ये गेले. त्याने खोक्याचा पुठ्ठा कापून हौद्याच्या कडेचा गोल काढून घेतला, कठडे चार बोटं कापून पुन्हा जोडले. हौद्याला पूर्वी लाकडी फळ्या उभ्या करायच्या खाचा होत्या, त्यांतून त्याने पाय खाली नेले आणि थेट तळाच्या बीमला बांधले. खडखड नको म्हणून मध्ये सायकलची ट्यूब घातली. जुन्या पत्र्याला नवं भोक एकही पाडलं नाही. मी कंटाळून म्हणालो, ‘राव, कठडा करतोयस का पूल?’ तो हसलासुद्धा नाही. आठ नट आवळले आणि दोन्ही पाय उचलून कठड्याला लोंबकळला, एवढा जाडजूड माणूस. कंपनीत तपासलेल्या नटावर पिवळी रेघ मारायची रीत होती. त्याने रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. ‘रेघ तू मार. तपासनारा तू हायस. पर आदी लोंबकळ.’ मी लोंबकळलो, मग आठ रेघा मारल्या.

गावच्या उत्सवाच्या मांडवाचे पाइप आणायचे होते, त्या दिवशी त्या गाडीमालकाची नवी पिकअप आली. कठडे कालच बसवलेले, चौकातल्या त्याच दुकानात. मी आधी चढलो. कठड्याच्या पायाला दोन-दोन स्क्रू, नुसते पत्र्यात, त्यातला एक तर तिरका. केसाएवढ्या फरकासाठी तीस वर्षं लोकांचं काम परत पाठवणारा मी. मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. ‘कसे दिसतात, काका?’ मालकाने हौसेने विचारलं. मी म्हणालो, झकास. सणाच्या दिवशी कोण तोंड वाईट करणार! सुदाम सगळ्यांत शेवटी चढला. हलवून बघितल्याशिवाय तो कठड्याला कधी टेकत नसे, पण त्याच्या दोन्ही हातांत दोरखंडाची वेटोळी होती. म्हणून त्याने मला विचारलं.

‘बगितलंस का रं?’

‘बघितलंय, ये.’

तो टेकला. पहिल्याच गतिरोधकावर कठडा त्याच्यासकट मागे गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

दुकान चालू आहे. त्या दुकानदाराचा राग येतो, मालकाच्या रुमालाचा येतो, ‘वेळ आली होती’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा येतो. सुदामचाही येतो. उभा जन्म हलवून बघितल्याशिवाय टेकला नाहीस, आणि त्या एका दिवशी माझ्या शब्दावर टेकलास? पण रागाला कितीही फिरवून आणलं तरी तो संध्याकाळी माझ्याच दारात येऊन बसतो.

माझ्या पिकअपचे कठडे रोज हलवून बघतो. जागचे हलत नाहीत. काल चटई टाकून गाडीखाली शिरलो. नटांना हात लावला नाही, ते सुदामने आवळलेत. आठ रेघा तेवढ्या ब्लेडने खरवडून काढल्या. त्या माझ्या हाताच्या होत्या.