अंगणातली वाट

द्रोणागिरीच्या पुढे, समुद्राजवळच्या एका कौलारू घरात मी सुट्टीसाठी उतरले होते. एकटीच, कारण मला कुणाशी बोलायचं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर टोपल्या घेतलेल्या कोळणी माझ्या ओटीसमोरून मोठमोठ्याने हसत समुद्राकडे चाललेल्या. त्यांच्या जुन्या वाटेवर गोदामाची भिंत आली, तेव्हापासून मालकीणबाई त्यांना आपल्या अंगणातून जाऊ देत होत्या.

शेजारच्या खोलीतले काका चिडले. "मावशी, इथे प्रायव्हसीच नाही. गेट लावा, नाहीतर आम्ही चाललो."

मालकीणबाईंनी पदर खोचला. "जायचं तं जा. पन जेवून जा, कालवन टाकलंय."

काका खरंच गेले, जेवून. आता माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मी चाचरत विचारलं, "गेट लावलं असतं तर?"

"तं समुद्र माजे एकलीचा झाला असता गो. एवरा मोटा समुद्र घेऊन मी काय करू?" आणि त्या वाटेवरचे खडे पायाने बाजूला सारू लागल्या.

दुसऱ्या सकाळी मी ओटीवर येऊन बसले. पहिल्याच कोळणीने विचारलं, "काय गो, चहा झाला?"

"झाला," मी म्हटलं. "तुमचा?"