उलटी पसरलेली मखमल

आमची ही शिवणकारखान्याची मुकादम, मी तिथलाच इस्त्रीवाला. म्हणजे घरीदारी हुकूम तिचाच! पण बाई कधी आवाज चढवत नाही. दुपारच्या सुट्टीत कादंबरीत डोकं खुपसून बसते. त्यात एक कप्तान आहे. शत्रूने जहाज अडवलं की हा पठ्ठ्या तोफेला हातही लावत नाही, डेकवर चूल पेटवतो. समोरचे उपाशी खलाशी वासानेच शरण येतात. "ह्याला कप्तान कशाला म्हणायचं? आचारी म्हणा!" मी चिडवतो. ती आपली पान उलटते.

एकदा मालकाने कटिंग मास्तरांना सगळ्यांदेखत झापलं. नाटकगृहाचा मखमली पडदा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि कापड टेबलावर तसंच पडलेलं. मास्तरांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. आमच्याकडे मास्तरांनी कात्री उचलली म्हणजे काम सोडलं. मखमल कापणारा दुसरा कुणी नाही. पडदा बुडाला तर नाटकगृहाचं काम कायमचं जाणार, निम्मे कारागीर घरी बसणार.

माझं डोकंच फिरलं. "दार अडवतो! बघू कसे जातात ते!"

"अहो, इस्त्री बघा, सदरा जळेल," ही म्हणाली.

आणि स्वतः एक कात्री घेऊन टेबलाशी गेली. मखमलीच्या सगळ्या पट्ट्यांची लव एकाच बाजूला हवी, नाहीतर दिव्याखाली एकेक पट्टा वेगळ्याच रंगाचा दिसतो. हिने कापड चक्क उलटं पसरलं, खडूने रेघ ओढली आणि मोठ्याने म्हणाली, "चला, कापते!"

मास्तर दारात चपला घालत होते. एक पायात, एक हातात, तसेच धावत आले. "अहो बाई, थांबा! लव उलटी आहे! सत्यानाश कराल!"

पिशवीतली कात्री बाहेर निघाली. संध्याकाळपर्यंत सगळे पट्टे कापून झाले. मालकही येऊन, "मास्तर, चुकलं माझं," म्हणून गेले.

मी जाम खूश. निघताना मास्तरांपुढे टाळीसाठी हात केला. "काय फसवलं आमच्या हिने तुम्हाला!"

मास्तरांनी टाळी दिली नाही.

"फसलो कुठे? मखमलीची लव त्यांना मीच शिकवली. त्या असं चुकायच्या नाहीत, हे बघताक्षणी कळलं मला," ते म्हणाले. "पण घरी जाऊन बायकोला काय सांगू, ह्या विचाराने चपलेत पाय जात नव्हता हो माझा. तेवढं त्यांनी ओळखलं."