पैसे कुठे ठेवावेत ते पाहायला: मुलुंड ते मनोरी, घाटकोपरमार्गे

मनोरीला कसं जायचं, राहायची सोय काय, असं विचारणाऱ्यांना मी आजवर दोन ओळींत उत्तर देत आले. आज जरा सविस्तर लिहिते. मी तिथे पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकात, लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर, आणि समुद्र बघायला म्हणून गेलेच नव्हते. पैसे कुठे ठेवायचे असतात हे शिकायला गेले होते. शिकवणारे आमचे हे. नाव श्रीधर. तेव्हा मी ते तोंडाने घेत नसे, आता लिहायला काय हरकत आहे!

हे भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं, मग ह्यांना आत बोलावून तेच सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. ह्यांनी नोकरी सोडली. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत बचत खात्यावर जमा झाले आणि तिथेच पडून राहिले. मला त्या बँकेची पायरीसुद्धा माहीत नव्हती. ह्यांनी पेन्सिलीने फुली मारायची आणि मी त्या फुलीपाशी सही करायची, असा आमचा कारभार. मुलगी मेघा तेव्हा नववीत होती.

एका रविवारी हे म्हणाले, "शैला, दोन दिवस फिरून येऊ. लोक पैसा कुठेकुठे ठेवतात ते तुला दाखवतो. आणि जाता जाता मनोरी बघू, कधीची राहिली आहे."

"तुम्ही ठरवा ना, मी सही करते."

"अंहं. विचारायचंस तू, ठरवायचंस तू. मी नुसता सोबतीला."

मी भांडले. ह्यांची तब्येत, मेघाची शाळा, सगळी कारणं काढली. खरं कारण मात्र निराळं होतं. मला हे सगळं जमायला लागलं की ह्यांचं काम संपलं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. शेवटी मेघाला शेजारच्या काकूंकडे ठेवलं, दोघांचे कपडे एका पिशवीत भरले आणि निघालो.

मुलुंडहून घाटकोपरला बसने गेलो. खिडकीची जागा मिळाली. हे बसमध्येच सुरू झाले. "पैसा कुठेही ठेवायच्या आधी बघायचं, हा लागणार कधी? वाण्याचा पैसा वेगळा, मेघाच्या कॉलेजचा वेगळा. दोघांना एका पेटीत कोंबायचं नाही. आणि कोणी जास्त व्याज देतो म्हणाला, की तो बदल्यात काय मागतो ते शोधायचं. फुकट कोणी देत नाही." मी खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होते.

तेव्हा शेअरचं वेड नवंनवं होतं. ज्याला त्याला कसलातरी फॉर्म भरायचा असायचा. घाटकोपर स्टेशनजवळ एका इमारतीच्या पोटमाळ्यावर एका शेअर दलालाचं ऑफिस होतं. शिडी इतकी उभी, की ह्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागला. दलाल चांगला माणूस, लगेच चहा मागवला, पण बोलायला लागला तो ह्यांच्याशीच. मी जणू पिशवी सांभाळायला आलेली. तेवढ्यात ह्यांनी कानामागे हात धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो. हिला सांगा."

मी बघतच राहिले. आमच्या ह्यांना शेजारच्या घरातला कुकर किती शिट्ट्या देतो तेही ऐकू यायचं!

दलाल नाइलाजाने माझ्याकडे वळला. "बेन, हे बघा, आज टाकला तर दोन वर्षांमधी डबल."

"आणि नाही झाला तर?"

"मार्केट हाय, बेन. वर जाते, खाली येते. घाबरते तो कमावत नाय."

"खाली आलं आणि त्याच महिन्यात मुलीची फी भरायची असली तर?"

त्याने ह्यांच्याकडे मदतीसाठी पाहिलं. हे शांतपणे भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडर न्याहाळत होते. मग दलाल खरं बोलला. "तर मग तो पैसा इथे आणू नका. विसरून जाता येईल तेवढाच आणा." रस्त्यावर आल्यावर मी ह्यांच्यावर डोळे वटारले. हे हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असे हसले, म्हणून मी फार बोलले नाही.

घाटकोपरहून अंधेरीची बस असल्फा, साकीनाका, मरोळ करत हाडं खिळखिळी करते. पाठीमागच्या बाकावर बसू नका. अंधेरीत पोळीभाजीचा डबा खाल्ला, ह्यांनी ताकभात खाल्ला, आणि कंपनीच्या ठेवी घेणाऱ्या एका एजंटाकडे गेलो. इथे पंखा, सोफा, थंडगार पाणी आणि ठेव ठेवणाऱ्याला स्टीलचा डबा भेट. व्याज पोस्टापेक्षा कितीतरी जास्त. हे पुन्हा बहिरे झाले. मी विचारलं, "एवढं व्याज कंपनी देते कुठून? बँक तिला कर्ज का देत नाही?" एजंट म्हणाला, "मॅडम, तुम्ही फारच खोलात जाता." डबा छान होता, मन जरा हललं. पण कंपनी बुडाली तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर त्याने काही दिलं नाही. ती कंपनी पुढे बुडाली की भरभराटीला आली, मला खरंच ठाऊक नाही. मी पैसे ठेवले नाहीत, एवढंच.

दुपारच्या रिकाम्या गाडीने मालाड, तिथून बसने मार्वे, आणि मार्व्याहून फेरीबोट. पाच-सात मिनिटांचा पल्ला, तिकीट तेव्हा चिल्लरीत यायचं. पलीकडे उतरलं की माडांची सावली, सुकत घातलेले बोंबील आणि वासाने ज्याचं त्याने ठरवावं, राहायचं की परत फिरायचं. आम्ही हिराबाई नावाच्या कोळणीच्या घरामागच्या खोलीत राहिलो. जेवणासकट पन्नास रुपये. तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण. ह्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा भाकरी मागून घेतली.

हिराबाई भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन मासळीचा व्यवहार करणारी, गळ्यात ठसठशीत सोनं. आम्ही कशासाठी हिंडतोय ते कळल्यावर म्हणाली, "जागा घे गो बाय. माजे दिराची हाय, बांदाचे मागं. स्वस्तान देतो."

ती ह्यांना पटवायला लागली, आणि हे बहिरे झाले. तेवढ्यात अंगणात धप्पकन नारळ पडला आणि हे दचकून वळले. हिराबाई खो खो हसली. "बयरा नाय गो तुजा नवरा! सोंग कशाला करतो?"

मी म्हटलं, "मला शिकवतात." आणि त्या परक्या बाईपुढे माझे डोळे भरून आले. तिने ह्यांचा उतरलेला चेहरा पाहिला, माझा पाहिला. पुढे काही विचारलं नाही. भांडी आवरता आवरता एवढंच म्हणाली, "आमचे घरान दोन पोरगे एके होरीन नाय धारत. दर्याचा काय सांगाचा? येक गेला तं येक रवतो."

मी म्हटलं, "माझ्याकडे होडीच एक आहे हो."

सकाळी ती जागा पाहायला गेलो. बांधामागे ताडाची चार झाडं, आणि त्यांच्यामधून समुद्र. वारा असा, की बोलायला नको. हिराबाई थोडी मागे राहिली होती. हे ताडाला टेकून उभे राहिले आणि सोंगबिंग विसरून म्हणाले, "शैला, घेऊ या. एकच खोली बांधू. पायऱ्यांवर बसलं की समुद्र दिसेल."

आदल्या दिवशी ह्यांनीच शिकवलेलं माझ्या डोक्यात घुमत होतं. पैसा लागणार कधी? मोडायचा झाला तर मोडता येईल का? मी हिराबाईला विचारलं, "सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे?"

"सगल्यांचा हाय," ती मोकळेपणाने म्हणाली. सगळ्यांचं म्हणजे दीर, त्याचे दोन भाऊ, वसईला दिलेली बहीण.

मी ह्यांना म्हटलं, "नको."

"अगं, पण..."

"अडकून पडेल सगळं. मला एकटीला सोडवता येणार नाही."

एकटीला. शब्द तोंडातून गेला तो गेला. ह्यांनी हो म्हणून मान हलवली. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी एक घड्याळ मागितलं नाही, त्याने मागितलेली एकच गोष्ट मी नाकारली होती. हिशेबाने मी बरोबर होते.

मनोरीहून टांग्याने गोराईला, तिथून होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला. हा रस्ता जरूर करा, वाटेत मिठागरं आणि बगळे दिसतात. टांगेवाल्याशी आधी भाव ठरवा. बोरिवलीत पोस्टाच्या एजंट नाईकबाईंना भेटायचं होतं. ह्यांच्या कारखान्यातल्या एका सोबत्याची ही बहीण, सचोटीची म्हणून नाव असलेली. तिने आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. पोस्टातच कोपऱ्यातल्या बाकावर तिचं ऑफिस. हे शेजारी बसले, कानामागे हात नेला, "मला ऐकू येत नाही," म्हणाले आणि पंख्याकडे बघत बसले.

मी तिला सांगितलं, आणि सांगताना माझं मलाच नवल वाटलं. घरखर्चाचा पैसा बँकेत मुदत ठेवीत ठेवेन, दरमहा व्याज हातात येईल असा. मेघाच्या कॉलेजसाठी पोस्टाची सर्टिफिकेटं, मध्येच मोडायचा मोह होणार नाही अशी. थोडी युनिट ट्रस्टची युनिटं. शेअर नकोत, कंपनीच्या ठेवी नकोत. आहे ते सोनं मेघासाठी, ते हिशेबात धरायचं नाही. नाईकबाई खूश झाल्या. सर्टिफिकेटं पुढे मुलुंडच्या पोस्टात बदलून घेता येतील, म्हणाल्या.

"दोघांच्या नावाने करा," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज न दबवता, मायेनेच म्हणाल्या, "राग मानू नकोस गं. माझ्या घरातही हेच दुखणं होऊन गेलंय, मला चेहऱ्यावरून कळतं. सर्टिफिकेटं पिकेपर्यंत काही हे राहत नाहीत. दोघांची नावं टाकलीस तर तेराव्याच्या आधीच दाखले घेऊन खेटे घालशील. तुझ्या एकटीच्या नावाने घे."

हे पंख्याकडे बघत होते. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आम्ही दोघांनी घरात जे तोंडाबाहेर काढलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईने भर पोस्टात सांगून टाकलं होतं, आणि ह्यांना ते ऐकू आलं नव्हतं असं आम्हाला समजून चालायचं होतं.

तेव्हा हेच माझ्याकडे वळले आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "काय म्हणतात गं बाई?"

मी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ह्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

"माझ्या एकटीच्या नावाने घ्या म्हणतात!" मी ओरडले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"का?"

"तुम्ही राहणार नाही म्हणून!"

"बरोबर सांगतात!" हे तेवढ्याच जोरात म्हणाले. "घे तुझ्या नावाने!"

मी फॉर्म स्वतः भरला. वारस म्हणून मेघाचं नाव घातलं. सहीसाठी फुली कुणीच मारून दिली नाही. अक्षर वाकडं आलं, नाईकबाईंनी चालेल म्हटलं.

बोरिवलीहून ठाण्याला एस.टी. घोडबंदरवरून जाते. तेव्हा वाट अर्धी जंगलातून होती. फाउंटन हॉटेलचा नाका मागे पडला. मग मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर बसमध्ये रडले. हे म्हणाले, "रड. बरं झालं बोललीस. घरात दोघंही गुदमरत होतो." कंडक्टर आला तेव्हा तिकिटांचे पैसे मीच दिले. बारीकसारीक धरून सगळ्या सहलीला दीडशेच्या आत खर्च आला, असं आठवतं.

हे मार्गशीर्षात गेले. मेघा शिकली, वेळेवर फी भरली गेली. ठेवी मोडल्या, नव्या केल्या, एकदा युनिटांत नुकसानही सोसलं. पुढे मनोरीला पुष्कळदा गेले, एकटी आणि मेघाबरोबर. ताडांकडे मात्र वाट वाकडी करून गेले नाही. आता सगळं मोबाइलवर होतं आणि सल्ला देणारे पैशाला पासरी झालेत, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन, की ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याबरोबरच हे एकदा हिंडून घ्या, दोघंही धडधाकट असताना.

त्या दिवशी संध्याकाळी मुलुंडला घरी आलो तेव्हा मेघा अजून शेजारीच होती. हे आरामखुर्चीत पडले आणि म्हणाले, "आता तू मला सांग. मला काही कळत नाही असं समज."

मी समोर स्टुलावर बसले. बँकेपासून सुरुवात केली. मुदत ठेव म्हणजे काय, व्याज महिन्याला घ्यायचं की साठवायचं, पोस्ट कशासाठी, युनिटं कशासाठी, दलालाकडे काय नेऊ नये. हे डोळे मिटून हुंकार देत होते. कंपनीच्या ठेवींपाशी आले तेव्हा हुंकार थांबले होते, ह्यांना झोप लागली होती. मी उठले नाही. कंपनीच्या ठेवी पूर्ण सांगितल्या, मग जागेचं सांगितलं, ती का घ्यायची नाही ते सांगितलं. सोनं राहिलं होतं, तेही सांगितलं.