कंपनीचं स्टेअरिंग, बाहेरचं स्टेअरिंग

३० सप्टेंबर, मंगळवार. दसरा परवावर आला म्हणून गाडी धुवायला काढली. गाडी बाबांची, माझ्या जन्माआधीची, गोल पाठीची, जाड पत्र्याची. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा यवतमाळातच एक फेरी मारून आणणं आणि दसऱ्याला पूजा करणं एवढं मी नेमानं करते. विकत नाही. विकायला काढली की लोक येतात, चहा पितात, टायरला लाथ मारून बघतात आणि विचार करून सांगतो म्हणतात.

बाहेरून धुणं झालं. आत बसून स्टेअरिंगवर ओला फडका फिरवला तर हात काळे झाले. चामडं सुटत चाललं होतं. हे स्टेअरिंग गाडीबरोबर आलेलं नाही. बाहेरचं आहे, आणि ते मी आणलं.

तेव्हा मी नुकतीच राळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. पहिला पगार झाला आणि बाबांसाठी काहीतरी घ्यायचं ठरवलं. धोतरजोडी, घड्याळ असलं सगळे घेतात. मी नागपूरला जाऊन स्टेअरिंग आणलं. लहान, जाडजूड, काळ्या चामड्यात शिवलेलं. मधे ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या आणि पट्ट्यांना गोल भोकं. शर्यतीच्या गाडीला शोभेल असं. आधीचं, कंपनीचं, परातीएवढं मोठं आणि बोटाएवढं बारीक होतं. रंग सायीचा, पण जागोजाग तडकलेलं आणि तडकलेल्या जागी मळ बसलेला. आतल्या बाजूला हॉर्नचं चकचकीत कडं होतं, त्यालाही गंजाचे ठिपके. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरच्या गाडीला असलं स्टेअरिंग, याची लाज बाबांना नव्हती, मला होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा फॅक्टरीत असताना मी त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना घरी बोलावलं आणि ते बदलून घेतलं. जुनं भंगारात द्या, असं मीच त्यांना सांगितलं.

आमच्या घरात एक नियम आहे. दसऱ्याला ज्या वस्तूला कुंकू लागलं ती पुढच्या दसऱ्याची साफसफाई निघेपर्यंत काढायची नाही, बदलायची नाही. विळा असो, शिवणयंत्र असो, गाडी असो. बाबा गाडीचं कुंकू स्टेअरिंगच्या बरोबर मधोमध लावत. त्या सकाळी ते ताट घेऊन आले, दार उघडलं आणि थांबले. मी मागे उभीच होते. त्यांनी कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, एकदा दोन्ही हातांनी धरून पाहिलं. म्हणाले, "हातात भरतं बरं." मी ती शाबासकी समजले.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, फुलसावंगीला असते. विहिरीच्या पायऱ्यांवर पडल्यापासून तिचे गुडघे वाकत नाहीत. एसटीची पायरी तिला चढता येत नाही. म्हणून दर दिवाळीला बाबा गाडी घेऊन जायचे आणि तिला आठ दिवस माहेरी आणायचे. वर्षातून तेवढंच तिचं माहेर. त्या वर्षी बाबा एसटीनं गेले, तिच्याकडून ओवाळून घेतलं आणि संध्याकाळी एकटेच परत आले. म्हणाले, इंजिन गरम होतंय. पुढच्या वर्षी म्हणाले, डोळ्यांना अंधारी येते. मग कारणं द्यायचंही सोडलं. गाडी शेडमध्ये उभी राहिली. विचारेल त्याला मी सांगत असे, बाबांचा धीर गेला आता. ड्रायव्हर ठेवा म्हटलं, तर "आपल्या बहिणीला आणायला परका माणूस कशाला" म्हणाले. मी माझ्या कामाला लागले. माझं लग्न झालं, मुलं झाली. दिवाळीत मला माझ्याच घरचं पुष्कळ असे.

बाबा गेले तेव्हा आत्याला तिच्या मुलानं जीपमध्ये निजवून आणलं. तेराव्याला ती मला म्हणाली, "तुमच्या घरात मले जागा नव्हती काय वं?"

"आत्या, बाबांना गाडी जमत नव्हती."

"दसऱ्यापरेंत जमे अन् दिवाळीले जमेना? अशी कशी जमेनाशी होते गाडी?"

जेवायला पाहुणे खोळंबले होते, मी स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर मी फुलसावंगीला गेलेले नाही.

तर मंगळवारी हात धुतले आणि त्याच मिस्त्रींना फोन केला. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी, गॅरेज आता मुलगा पाहतो. म्हटलं, चामडं निघून राहिलं आहे, एखादं दुसरं स्टेअरिंग मिळेल का. ते म्हणाले, "दुसरं कायले? आनतो."

दुपारी ते पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पोतं सोडलं तर आत कंपनीचं स्टेअरिंग. तडकलेल्या जागा भरून, घासून साफ केलेलं. गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर ते इतकी वर्षं टांगलेलं होतं.

"मी तर हे भंगारात द्या म्हटलं होतं."

"तुमी म्हनलं होतं, ताई. साहेबायनं म्हनलं, ठेव."

त्यांनी मधलं बटण काढलं, नट सोडला, माझं काळं स्टेअरिंग दोन झटक्यांत ओढून बाजूला ठेवलं आणि जुनं बसवलं. म्हणाले, "फिरवून पाहा."

गाडी जागेवर उभी असताना चाकं वळवायची म्हणजे मला दोन्ही दंड लावावे लागत. जुन्या गाड्या अशाच असतात, असं मी धरून चालले होते. आता एका हातानं वळलं. शिवाय मीटरही सबंध दिसत होता. माझ्या लहान स्टेअरिंगनं तो अर्धा झाकला जाई.

"हे एवढं हलकं कसं?"

"मोठं हाय ना. कंपनीवाला येडा थोडीच होता. लहान स्टेअरिंग मारुतीवानी हलक्या गाडीले चालते. या म्हशीले खांदा लागते." मग ते पान्हा पुसत म्हणाले, "साहेबायचा खांदा तुमाले मालूम नव्हता काय?"

मालूम होता. मी शाळेत शिकत असताना फॅक्टरीत रुईची गाठ, दाबून बांधलेला कापसाचा मोठा गठ्ठा, घसरून बाबांच्या उजव्या खांद्यावर आली होती. तो हात छातीच्या वर जात नसे. सदरा घालताना ते आधी तो हात घालत. गाडी चालवताना मोठं चाक खालून धरून ढकलत न्यायचे. हे मी मागच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"पंधरा दिवसानं आलते माह्याकडं," मिस्त्री म्हणाले. "आर्नीपरेंत जाऊन पाहिलं म्हने, हात भरून आला. म्या म्हनलं, अर्ध्या घंट्याचं काम हाय, जुनं लावून देतो. त म्हने, कुंकू लागलं, आता पुढच्या दसऱ्यालेच."

"मग पुढच्या दसऱ्याला?"

"म्याच इचारलं. म्हने, पोरगी सुट्टीत आली का पहिले तेच पुसते. काढलं त तिले दिसन. राहू दे."

खरं आहे. मी आले की आधी ते पुसत असे, नारळाच्या तेलाचा हात देऊन.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"साहेबायनं शप्पथ घातली होती. आता ते नाही, तुमी सोता फोन केला." पान्हे पिशवीत टाकून ते उठले. "अन् तुमी त शाळेत हेच शिकवता ना? माह्या नातवाच्या पुस्तकात हाय. लांब दांडा, कमी जोर."

तरफ. साध्या यंत्रांचा धडा. तीस वर्षं मी तो फळ्यावर काढते आहे. पहारीचं चित्र, अडकित्त्याचं चित्र. मुलांना म्हणते, रोजच्या वापरातली उदाहरणं शोधा.

मिस्त्री गेल्यावर काळं स्टेअरिंग घेऊन पायरीवर बसले. दोन्ही शेजारी धरून कुणीही सांगितलं असतं की माझं देखणं आहे. कंपनीच्या स्टेअरिंगला खालच्या बाजूनं बोटं बसायला बारीक खाचा आहेत, त्या वरून दिसत नाहीत. उजवीकडच्या खाचा खालच्या अंगाला गुळगुळीत झाल्या आहेत. एवढं त्यात पाहण्यासारखं होतं आणि ते मी भंगारात काढलं होतं. बाबांना राग आला असता तर एका दसऱ्यात प्रश्न मिटला असता. त्यांनी माझं मन राखलं आणि त्याची भरपाई आत्याच्या माहेरातून झाली, हे त्यांनाही कळत असणार. मला कळायला वेळ होता, मी विचारलं नाही. इंजिन गरम होतंय म्हणाले तेव्हा मी बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघाले. आर्णी, महागाव करत साडेनऊला फुलसावंगी. आत्या ओसरीत खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होती. गाडी पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"भावाची गाडी आनली काय?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लहान चाक, खांदा, कुंकू. मी आणलं होतं ते, आणि तू नकोशी कधीच नव्हतीस.

"घ्यायला आले आहे," मी म्हणाले. "आठ दिवस चल."

"आता कायले? माहेर म्हंजे भाऊ. तो निजला तिकडं." मग म्हणाली, "अन् तो येडा मले सांगे, डोळे गेले. अन् माह्यासमोरच सुईत दोरा ववून देत जाय मले. म्या म्हनलं, खोटं बोलते, घरच्यायनं शिकवलं असन."

ती भिंत धरून उठली, आतून कुंकवाचा करंडा घेऊन गाडीपाशी आली. दसरा उद्या आहे, असं मी म्हटलं. "मालूम हाय," म्हणाली, आणि स्टेअरिंगच्या मधोमध बोट टेकवलं. "आता कोनी काढू नका सालभर."

मी मागचं दार उघडून खाली पाट ठेवला. यवतमाळला यायला ती तयार झाली नाही. "फाट्यापरेंत फिरवून आन," म्हणाली. तिथवर नेलं, एका हातानं गाडी वळवली आणि तिला परत तिच्या ओसरीपाशी आणून सोडलं.