हातावरचं दही

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीला मास्तरनं कानाखाली वाजवली, तेव्हा पाटी तिथंच टाकून आलो, ती आजपर्यंत आणायला गेलो नाही. तरी लिहायला बसलोय. राग आलाय, आणि तोंडानं सांगायला गेलं की घरातली माणसं उठून जातात. कागद उठून जात नाही.

बायकोच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. एवढुसा. आम्ही रानातली माणसं, पायातले काटे सुईनं काढून तसेच कामाला लागणारी. पण ही जखम महिना झाला तरी भरेना, काठानं काळी पडायला लागली. जालन्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, शुगर आहे, आणि बरीच आहे. खाली नाही आली तर अंगठा काढावा लागंल. न्हाव्यानं मिशी काढू का विचारावं, तसा म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या पायानं तिनं माझ्याबरोबर मोसंबीचा बाग उभा केला, डोक्यावर घागरी घेऊन एकेका झाडाला पाणी घातलं, त्या पायाचा अंगठा!

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं. खाल्लं की गुडगुड, नाही खाल्लं की मळमळ. मग डॉक्टरनं कागदावर खायचं लिहून दिलं. दही, ताक, आंबील, असलं आंबवलेलं काहीतरी रोज. साखर, गूळ, फळांचा रस बंद. सकाळी पाला-जवसाची बिनसाखरेची स्मूदी.

माझी सून बी.एस्सी. झालेली आहे. तिनं तो कागद फ्रिजवर चिकटवला.

"मामा, ही स्मूदी म्हंजे दह्यात काकडी, पालक, भिजवलेलं जवस, जिरं टाकून मिक्सरमधून काढायचं," तिनं सांगितलं. "आणि हे बघा, प्रोबायोटिक दही. पोटाला लागणारे चांगले जिवाणू असतेत त्यात."

प्लॅस्टिकची डबी. झाकणावर गायीचं चित्र.

मी म्हणालो, "आमच्या घरात दही इकत आणलं? दारात म्हैस बांधलेली हाय ती काय शोभेला?"

"तसं न्हाई, मामा."

"मंग कसं? माझ्या आईनं माहेराहून विरजण आणलं. त्या विरजणानं आजवर दही लागतंय ह्या घरात. समोरच्या चाचीच्या घरीबी आमचंच विरजण. आमच्या घरी सुतक पडलं, आमचं विरजण गेलं, की तिच्याकडून वाटीभर परत येतं. ह्याच्यात जिवाणू न्हाईत? का आमचे जिवाणू चौथी नापास?"

चाची दारातूनच हसली. तिच्या घरात उर्दू बोलतात, पण आमची भांडणं तिला मराठीत बराबर कळतात. "बहू, ह्यांचं दही खाऊन तर आमचे चार पोरं मोठे झाले," ती म्हणाली.

सून मानी आहे, पण मूर्ख नाही. डबी तिनं स्वतः संपवली आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्याच दह्याची स्मूदी केली. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून आंबीलही करायला लागली. त्याला मी काही बोललो नाही. आंबील माझी आईच करायची. आईची आंबील डॉक्टरच्या कागदावर चढली तेव्हा तिला भाव आला, याचा मात्र मला राग आला. तो अजून आहे.

मोसंबीवरून दुसरं भांडण. दुपारी मी बागेतून पाच-सहा मोसंब्या आणून रस काढायचो, बायको गटागटा प्यायची. सुनेनं रस बंद केला. म्हणे दोन फोडी चोथ्यासकट खायच्या, रस नाही, रसाची साखर एकदम चढते. मी म्हणालो, बागेच्या मालकिणीला दोन फोडी? व्यापाऱ्याला टेम्पो भरून आणि हिला दोन फोडी? बायको मधे पडली. "राहू द्या, तिचं ऐकू आपण," ती म्हणाली. ती म्हणाली म्हणून मी रस बंद केला. सुनेच्या सांगण्यावरून नाही.

दर पंधरा दिवसांनी उपाशी पोटी रक्त द्यायला कुंभार पिंपळगावला जायचं होतं. पोरगा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहे. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो सकाळी आईला मोटारसायकलवर घेऊन जायचा. सून त्या वेळेला डेअरीवर दूध घालायला गेलेली असायची. मी घरी. आणि माणूस कामाला घराबाहेर पडताना हातावर दही-साखर ठेवायची, ही आमच्या घराची रीत. ती मोडलेली नाही, मोडू देणार नव्हतो. आई ठेवायची, आईच्या मागं मी ठेवतो. चिमूटभर साखर कंजूष माणूस ठेवतो. आमच्याकडं तीनदा हात पुढं करायचा आणि तीनही वेळा दह्यावर साखरेचा ढीग दिसला पाहिजे. बायकोच्या अंगठ्याचा निकाल लागायचा तर मी जरा जास्तच घालायचो. ती डोळे मिटून खायची, हात पदराला पुसायची आणि गाडीवर बसायची.

पहिला रिपोर्ट आला. शुगर कमी झाली नव्हती. डॉक्टरनं फोनवर गोळी वाढवली.

दुसरा आला. आणखी चढलेली. पुन्हा गोळी वाढवली.

आता माझं डोकं फिरलं. सगळं बंद करून शुगर चढते कशी? घरात नवीन काय आलं होतं? ते हिरवं पाणी. मी स्वयंपाकघरात गेलो, मिक्सरचं भांडं उचललं आणि स्मूदीसकट उकिरड्यावर फेकलं.

"हा पाला पाजून पाजून तू तिचा पाय घालवणार!" मी ओरडलो. "म्हशीला घालायचं ते माणसाला पाजून राह्यली!"

सून मागोमाग बाहेर आली. उकिरड्यावरून भांडं उचललं, राखेनं घासलं, धुऊन पालथं घातलं. ते घासणं मला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं, तेव्हा मी पोराला सांगितलं, एकतर ती घरात स्मूदी करंल न्हाई तर मी घरात जेवंल. पोरगा मधल्यामधे सापडला. सुनेनं मिक्सर कपाटावर ठेवून दिला. बायकोला विचारलं का कुणी? नाही विचारलं. मीही नाही.

त्यानंतर आठवडा झाला नसंल. दुपारची वेळ. बायको म्हशीला पेंड घालायला गोठ्यात गेल्ती. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेलो. खुंट्याला धरून बसलेली. अंगावरचं लुगडं घामानं चिंब, हात थरथरत होते. डोळे उघडे, पण मला बघून म्हणाली, "दादा, बैल सोडले का?" दादा ती तिच्या बापाला म्हणायची. तिचा बाप जाऊन किती वर्षं झाली.

मी ओरडलो. सून धावत आली. तिनं एकदा बघितलं आणि उलट्या पावली पळाली. आली ती साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. वाटीत साखर ढवळली आणि वाटी बायकोच्या तोंडाला लावायला गेली. मी तिचं मनगट धरलं.

"शुगरवालीला साखर? मारती का तिला?"

"सोडा, मामा!"

"न्हाई सोडत!"

त्या पोरीनं मला ढकललं. सासऱ्याला, छातीवर हात ठेवून. मी कडब्याच्या पेंढीवर बसलो. तिनं घोट घोट साखरपाणी पाजलं, पाठीला हाताचा आधार दिला. थोड्या वेळानं बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरला. मला ओळखल्याची ती खूण. मी तिथंच बसून राहिलो. ढकलल्याचा राग करायला हवा होता. तेवढ्यापुरता तो सापडला नाही.

डॉक्टरनं सांगितलं, शुगर एकदम खाली गेली होती. गोळी जास्त झाली. पण रिपोर्टात तर शुगर चढलेली, मग गोळी जास्त कशी? त्याला काही उमगेना. म्हणाला, उद्या सकाळी पुन्हा रक्त द्या, उपाशी पोटी, पक्कं उपाशी.

ह्या वेळेला सून स्वतः न्यायला निघाली. दूध घालायला पोराला पाठवलं. बायको उंबऱ्यावर आली, मी वाटी घेऊन पुढं झालो. तिनं हात पुढं केला. मी दही ठेवलं, वर साखर.

"मामा!"

असा आवाज तिनं ह्या घरात कधी काढला नव्हता. समोरून चाची बाहेर आली.

"हे काय करून राह्यले?"

"काय करतो? शकुनाचं दही."

"आजच?"

"दर खेपेला देतो. आजच पहिल्यांदा देतो का?"

तिनं सासूचं मनगट धरलं.  "मामा, उपाशी पोटी म्हंजे उपाशी पोटी. पिंपळगावला जाईपर्यंत पाऊण तास जातो. ही साखर चढती रक्तात. ती मोजली त्यांनी. तिच्यावर गोळी वाढवली. दोनदा."

मी म्हणालो, "दही-साखर काय खाणं हाय?"

मी ते खरंच म्हणालो, आणि आजही माझं अर्धं मन तेच म्हणतं. तपासणारा पोरगा दर वेळेला बायकोला विचारायचा, काही खाल्लं का आजी. ती म्हणायची, न्हाई. ती खोटं बोलत नव्हती. शकुन खात नाहीत, शकुन घेतात. हे त्या कागदावर कुणी लिहायला पाहिजे होतं. चौथीवाल्याला कळंल असं लिहायचं होतं, की बाबा, हातावरचंही धरायचं. पाला लिहिला, जवस लिहिलं, आंबील लिहिली. हे नाही लिहिलं.

मग मी बायकोवर घसरलो. "अगं, तुला तर कळायला पाहिजे होतं! साखर बंद हाय म्हणून तू तरी सांगायचं!"

हातावर दही तसंच घेऊन ती उभी होती. म्हणाली, "तुमी हातावर ठेवलेलं न्हाई म्हणू? कधी म्हणलं का आजवर?"

नाही म्हणाली ती कधी. खारट ठेवलं, आंबट ठेवलं, सगळं घेतलं. याचा राग कुणावर काढायचा ते मला कळेना. मी वाटी खाली ठेवली. तिच्या हातावरचं दही-साखर माझ्या हातावर घेतलं आणि स्वतः खाल्लं. गोड होतं. फारच गोड होतं.

बायको उंबऱ्यावरच अडली. तशीच जायला पाय उचलेना तिचा. सून म्हणाली, "मामा, नुसतं दही डब्यात घ्या. रक्त दिलं की मंग द्या त्यांना. चला तुमीबी."

गाडीवर तिघांना बसता येईना. मी बसनं गेलो. दह्याचा डबा मांडीवर धरून, झाकणावर हात ठेवून. पिंपळगावला पोचलो तेव्हा रक्त देऊन झालं होतं, बायको कोपराच्या खाचेत कापूस दाबून बसली होती. मी डबा उघडला. तिच्या हातावर दही ठेवलं, तीनदा, रीतीनं. साखर नाही.

तिनं तोंड वाकडं केलं. "आळणी लागतंय."

"गप खा," मी म्हणालो.

सून पलीकडच्या बाकावर कागद वाचत बसल्यासारखं करत होती. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "घरी गेल्यावर तो मिक्सर खाली काढ कपाटावरचा."

"भांडं घासावं लागंल," ती म्हणाली. "उकिरड्याचा वास येतोय अजून."

"मी घासतो," मी म्हणालो.

त्या दिवशीच्या रक्तात शुगर उतरलेली निघाली, डॉक्टरनं गोळी कमी केली. अंगठ्याचं अजून नक्की नाही. काठ सुकायला लागलेत असं डॉक्टर म्हणतो. राग माझा अजून गेलेला नाही. रोज सकाळी पालक मीच निवडतो, आणि निवडताना तो चांगला चढतो.