सामाईक पंप

"कंपनीचंच पानी हाय ते. दुसरं काय नाय," काका बांधावर उकिडवे बसून बाबांना सांगत होते. मी मागे उभी होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं आणि तसं असलं की मला नीट बघता येतं.

कुंभवलीतलं आमचं भात लोंब्या यायच्या आधीच नाल्याकडच्या कोपऱ्यात पिवळं पडलं होतं. बाबा कारखान्यात पाळीवर जातात. शेत उरलेल्या वेळेत होतं, पण घरात वर्षभर शिजतो तो तांदूळ तिथलाच. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांनी रस्त्याकडची जमीन गोदामाला देऊन टाकली, आता फक्त चिकूची वाडी ठेवली आहे. आमचंही शेत द्यावं असं ते अधूनमधून सुचवत असतात. त्यामुळे त्यांनी नाल्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

कारखान्यांचं सांडपाणी येतं, त्यामुळे नाल्याचं पाणी वाईट आहे हे खरंच. पण आमच्या इथे काहीही बिघडलं की ते कंपनीच्या नावावर टाकून सगळे मोकळे होतात. एका अर्थी ते सोयीचंही असतं. मग घरातल्या कोणाला काही विचारावं लागत नाही.

मी फोटो काढून बाबांबरोबर बोईसरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन हातात घेतला, पण त्याची नजर आधी मागच्या फळीकडे गेली. "व्हायरस आहे, मॅडम," असं म्हणून त्याने तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या. मी विचारलं, "तिन्ही कशाला?" तो बाबांकडे बघून हसला. "मुलगी शिकलेली दिसते." बाबा बाटल्या हातात फिरवत म्हणाले, "एवड्यात बाजारातला तांदूल घेऊन खाऊ." तरी एक बाटली त्यांनी घेतलीच. भात समोर पिवळं पडत असताना हात बांधून बसणं त्यांना जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेतावर गेले. चपला बांधावर काढल्या आणि चिखलात उतरले. एकाच खाचरात, एकाच पाण्यात, अर्धी रोपं पिवळी होती आणि अर्धी चांगली हिरवी. हे पाण्यानेच झालं असतं तर सगळीकडे पसरलं असतं. हा पिवळेपणा सरळ पट्ट्यांत होता. एक पट्टा जात होता, वळून शेजारून परत येत होता. रुंदी साधारण बाबांचा हात दोन्हीकडे जाईल तेवढी. कोपऱ्यात सगळ्यात वाईट, पुढे कमी कमी होत गेलेला, आणि पलीकडे काहीच नाही.

मग आठवलं. मागच्या आठवड्यात बाबांनी तुडतुड्यांवर औषध मारलं होतं आणि सुरुवात याच कोपऱ्यातून केली होती, कारण फवारणीचा पंप भरायची टाकी तिथेच आहे. पहिला पंप इथे रिकामा झाला, दुसरा त्याच्या पुढे, तिसरा पलीकडे. जिथे पहिला, तिथे सगळ्यात जास्त.

पाठीवरचा पंप आमच्या तीन घरांत मिळून एकच आहे. ज्याला लागेल तो नेतो, काम झालं की दुसऱ्याच्या ओटीवर ठेवून येतो. पंप कोणी विकत घेतला हे आता कोणाला आठवत नाही. आपल्या हातात यायच्या आधी त्यात काय भरलं होतं हेही कोणी विचारत नाही. विचारणं म्हणजे भाऊबंदांवर संशय घेणं. तुडतुड्यांच्या फवारणीच्या वेळी पंप काकांकडून आला होता. ओटीवर ठेवताना ते म्हणाले होते, "धुतलाय हां." न विचारता दिलेलं उत्तर मला खटकतं. तेव्हाही खटकलं होतं.

परतताना मी मुद्दाम काकांच्या वाडीच्या कुंपणाच्या कडेने गेले. चिकूंखालचं गवत मुळापर्यंत वाळलेलं, पेंढ्याच्या रंगाचं. कोणी कापलेलं नव्हतं. आमच्या बांधावर, बाबांच्या पहिल्या फेरीच्या कडेला, गवत तसंच दिसत होतं.

त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटलं नाही. वाटलं नाही असंही नाही. गोदामाची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आईला सांगावं असं वाटलं, पण आई लगेच काकूकडे गेली असती.

रविवारी सकाळी बाबा नवी बाटली घेऊन टाकीपाशी आले. या खेपेला सगळ्या शेतावर मारायचं ठरलं होतं. काका स्वतः पंप घेऊन आले. आदल्या दिवशीही तो त्यांच्याकडेच होता.

"धुतलाय हां," ते म्हणाले.

मी खाली वाकून रोपं बघत होते. काका हसले. "बाय काय इंग्रजीत इचारते काय भाताला?"

बाबाही हसले. त्यांनी पंपाचं झाकण उघडलं आणि बाटलीचं बूच फिरवायला लागले. अजून थोडा वेळ गप्प राहिले असते तर पलीकडचं हिरवंही गेलं असतं.

"बाबा, त्यात ओतू नका," मी म्हणाले. मग काकांकडे वळून विचारलं, "काका, आम्हाला द्यायच्या आधी तुम्ही या पंपाने वाडीत गवत जाळायचं औषध मारलं होतं ना?"