व्हय म्हणणाऱ्या सिस्टर

यंत्राशी इतक्या अदबीनं बोलणारं दुसरं माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात मिळायचं नाही, हे मी पैजेवर सांगतो. आई अतिदक्षता विभागात होती, तिथल्या या सिस्टर, मूळच्या सिल्लोडच्या. आईच्या उशाशी औषधाचा पंप होता. थेंब थेंब मोजून शिरेत सोडणारा आणि भलता शंकेखोर. औषध बदललं की पडद्यावर विचारायचा, 'हेच औषध? एवढंच?' बाकीच्या सिस्टर मुकाट्यानं बटण दाबत. या मात्र सगळं वाचून, मान हलवून मोठ्यानं "व्हय" म्हणत आणि मगच दाबत. पंप किंचाळला की "आले गं बाई, जीव नको काढू" म्हणत धावत. दसऱ्याला तर त्यांनी त्याला झेंडूचं फूल वाहिलं. मेट्रन संतापल्या, "जंतू शिरतील इथं!" तर या म्हणतात, "बरं मॅडम, पुढच्या साली प्लास्टिकचं आणते."

मी एकदा विचारलं, "नुसतं बटण दाबलं तर चालत नाही का?"

"चालतं की. पण तोंडानं व्हय म्हणायचं म्हणलं की डोळे नीट वाचतात. बोट लई लबाड असतं, भाऊ."

आमची आई देवगाव रंगारीची. तिला हा प्रकार फार आवडला. "कोणाला व्हय म्हणतीस गं?"

"या मशिनीला, आजी. लई शंकेखोर हाय."

"माझी सासू अशीच व्हती. मीठ टाकलं का म्हणून धा बार इचारायची."

तेव्हापासून पंपानं विचारलं की सिस्टर तपासून मोठ्यानं वाचत, आईकडे बघत, आणि "व्हय" आई म्हणे. आवाज रोज बारीक होत चालला होता, पण मी त्या एका शब्दावर तग धरून होतो. डॉक्टर काहीही सांगोत, आई व्हय म्हणाली की मला घास गिळता यायचा.

एका दुपारी डॉक्टरांनी आईला तपासलं, 'गेल्या' म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. पंप चालूच होता. सिस्टरनी तो थांबवायला हात घातला, तर त्यानं विचारलंच. "बंद करायचं?" त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं आणि सवयीनंच आईकडे बघत थांबल्या. बोट तसंच बटणापाशी.

शेवटी मीच म्हणालो, "व्हय."

त्यांनी बटण दाबलं. पदर नव्हता, म्हणून बाहीनंच डोळे पुसले आणि पंपावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "झालं गं बाई. आता नको इचारू."